झुल्यावरून उतरायचे कधी, हे ठरवायचे कोणी?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ८४ वर्षांच्या एका बाईंचे नाव २०१७ मध्ये गिनेसच्या विक्रमांत दाखल झाले. उडत्या झुल्यावर कसरती करणारी जगातील सर्वांत वयोवृद्ध महिला, अशी ती नोंद होती. तरुणपणी त्या बर्फावरील स्केटिंगच्या कार्यक्रमांत काम करत असत. झुल्याला त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो वयाच्या ७८व्या वर्षी. अशा बातम्या समाजमाध्यमांवर भरपूर फिरतात, वाचणारा 'कमाल आहे बाईंची' म्हणतो आणि पुढे सरकतो. कौतुकाला पैसे पडत नाहीत. त्या बाईंच्या हिमतीबद्दल मला आदरच आहे. पण छंद म्हणून उतारवयात झुल्यावर चढणे आणि विशीपासून त्याच झुल्यावर पोट भरत आलेल्या कलावंताने साठीतही ते काम करत राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे जितके कौतुक होते त्याच्या पासंगालाही पुरेल इतकी दुसरीची सोय कोणी करत नाही, ही माझी तक्रार आहे.

हवाई नृत्य म्हणजे झुला, दोर, छतापासून सोडलेले कापडाचे लांब पट्टे, लोखंडी कडे किंवा कमरेला बांधलेला हार्नेस यांच्या आधाराने, जमीन आणि हवा दोन्ही वापरून केलेले नृत्य. सर्कशीशी त्याचे नाते जवळचे असले तरी हेतू निराळा आहे. सर्कशीत प्रेक्षकाचा श्वास रोखला गेला की काम फत्ते झाले. नृत्यात मात्र तो श्वास पुन्हा सुरू झाल्यानंतरही काहीतरी चालू राहावे लागते. अमेरिकेत ही कला स्वतंत्र म्हणून उभी राहिली त्याला आता पन्नास वर्षे झाली, म्हणजे तिच्यात आयुष्य घालवलेल्यांची पहिली पिढी म्हातारी झाली आहे आणि काही जण काळाच्या पडद्याआड गेले आहेत. त्यामुळे हवेतले काम कोणत्या वयापर्यंत करावे, हा प्रश्न आता खरोखर समोर आला आहे. त्याचे उत्तर आपण शरीरावर सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की ते वय शरीर ठरवते त्याहून कितीतरी अधिक कामाची मालकी ठरवते.

या कलेचा जन्मच चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हातून झाला, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. टेरी सेंडग्राफ यांचा जन्म १९३३चा. जिम्नॅस्टिक्स आणि आधुनिक नृत्य या दोन्ही वाटांनी आलेल्या सेंडग्राफ यांनी सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, १९७५च्या सुमारास, आपल्या पद्धतीला 'मोटिव्हिटी' असे नाव दिले, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या आसपास होत्या. पॅरिस ऑपेराच्या बॅले संचातील नर्तकांना निवृत्त व्हावे लागते ते नेमके ४२व्या वर्षी. एका परंपरेत ज्या वयाला कारकीर्द संपते, त्या वयाला दुसरी परंपरा सुरू झाली.

सेंडग्राफ यांनी जे केले ते दिसायला साधे आहे. सर्कशीतला झुला तंबूच्या शेंड्याजवळ असतो आणि त्याचे दोन दोर वर दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेले असतात, म्हणून तो पुढे-मागे एवढाच हलतो. सेंडग्राफ ज्या झुल्यावर काम करत त्याचे दोन्ही दोर वर एकाच बिंदूत येऊन फिरत्या कडीला जोडलेले असत आणि दांडी माणसाच्या हाताच्या अंतरावर, कधी छातीच्या उंचीवर, लोंबकळत असे. असा झुला स्वतःभोवती गिरकी घेतो, मोठ्या वर्तुळात फिरतो आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करतो. नर्तकी चार पावले धावते, दांडीवर पोट टाकते आणि जमिनीला पायाच्या चवड्याने एक रेटा देते. एवढ्यावर ती दोन-तीन फेऱ्या फिरून येते. फिरताना हातपाय पसरले की गिरकी मंदावते, अंग आवळून घेतले की वाढते, आणि वेग ओसरला की पाऊल आपोआप जमिनीला लागते. दंडाच्या ताकदीने करायचे बरेचसे काम येथे झोका करतो. शिवाय झुला खाली आल्यामुळे एक अशी गोष्ट घडली, जिची मला वाटते पुरेशी दखल घेतली गेलेली नाही: प्रेक्षकाला नर्तकीचा चेहरा दिसू लागला. तंबूच्या शेंड्याला असलेल्या माणसाची आकृती दिसते, भुवई दिसत नाही. आणि वय वाढते तसे कलावंताच्या आकृतीतले काही कमी होत असेल, चेहऱ्यातले काही कमी होत नाही.

सेंडग्राफ यांना पुढे स्तनाच्या कर्करोगाशी सामना करावा लागला. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या, त्यांनी पिढ्या शिकवल्या आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. उंची आणि धोका सोडून देणे ही त्यांची वयापुढची माघार नव्हती, ती त्यांच्या कलेची पहिली अट होती. म्हणूनच हवाई नृत्य हे तरुणांचे काम आहे, असे कोणी म्हटले तर ते या कलेच्या इतिहासालाच धरून नाही.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी १९७० मध्ये सोहो भागातल्या वूस्टर स्ट्रीटवर एक रचना सादर केली होती: हार्नेस बांधलेला एक पुरुष सात मजली इमारतीच्या गच्चीवरून बाहेर कलतो, भिंतीशी काटकोनात आडवा होतो आणि रस्त्यावरून चालावे तसा नेहमीच्या चालीने भिंतीवरून खाली चालत येतो. एवढेच. २०१० मध्ये व्हिटनी संग्रहालयाने ब्राउन यांच्या जुन्या रचना पुन्हा दाखवल्या, तेव्हा संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतीवरून ज्या कलावंतांनी ही रचना केली त्यांत नृत्यरचनाकार एलिझाबेथ स्ट्रेब होत्या. त्यांचा जन्म १९५०चा, म्हणजे त्या साठ वर्षांच्या होत्या. या कामाला उसळी लागत नाही. कंबर आणि पाठ ताठ ठेवण्याची ताकद लागते, घाई न करण्याचा संयम लागतो आणि गच्चीवर दोर सोडणाऱ्या माणसांवर विश्वास लागतो. वयाने या तिन्हींतले फार तर पहिले थोडे घटते.

येथे थांबून एक गोष्ट पाहावी. सेंडग्राफ यांनी स्वतःची पद्धत आणि स्वतःचा संच उभारला. स्ट्रेब यांची स्वतःची संस्था आहे आणि २००३ पासून ब्रुकलिनमध्ये त्यांची हक्काची जागा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील जोआना हेगूड १९८० पासून स्वतःची संस्था चालवतात. ज्यांची नावे या क्षेत्रात दीर्घ कारकिर्दीची उदाहरणे म्हणून घेतली जातात त्या जवळजवळ सगळ्या जणी मालकीण आहेत. कोणती हालचाल ठेवायची, कोणती वगळायची, झुला किती उंचीवर बांधायचा, आज खांदा दुखतो म्हणून तालीम कोणत्या क्रमाने घ्यायची, हे त्यांचे त्या ठरवतात. पगारावर किंवा प्रयोगागणिक मिळणाऱ्या मानधनावर काम करणारी त्यांच्याच वयाची नर्तकी मात्र कुठे दिसत नाही. तिचे शरीर मालकिणीच्या शरीरापेक्षा लवकर झिजते असे मानायला काही आधार नाही. फरक इतकाच, की तिला दिलेली रचना दुसऱ्या कोणीतरी पंचविशीतल्या शरीरासाठी केलेली असते आणि ती तिने तशीच्या तशी करायची असते. स्ट्रेब यांच्या स्वतःच्या संचातही उंचावरून धाडकन अंग झोकून देणारे नर्तक प्रामुख्याने तरुण असतात, हे येथे सांगितलेच पाहिजे. साठीत भिंतीवरून चालण्याची मुभा त्यांना मिळाली. ती मुभा पुढे हाताखालच्या माणसापर्यंत कशी पोहोचेल, हा खरा प्रश्न आहे.

शरीराचे काय, असे कोणी विचारील आणि ते रास्त आहे. उगीच उत्साहाने बोलून चालणार नाही. वय वाढते तसे स्नायूंतील झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी आणि अधिक प्रमाणात घटतात, म्हणून झेप घेणे, झटक्याने अंग वर उचलणे या गोष्टी प्रथम जातात. एखादी स्थिती धरून ठेवण्याची आणि अंगाचा भार सावकाश खाली सोडण्याची ताकद मात्र त्या मानाने पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. खांद्याभोवतीच्या स्नायुबंधांची झीज पन्नाशीनंतर सर्रास आढळते, आणि ज्यांनी तीस वर्षे त्याच खांद्यावर सगळे अंग टांगले त्यांच्यात ती नसेल तरच नवल. हाताची पकड कमी होते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मंद झाली की गिरकीनंतर जमीन स्थिर व्हायला वेळ लागतो. डोके खाली करून लटकताना डोळ्यांतला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्याने उलटे लटकू नये, हे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकायलाच हवे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. लटकण्याने पायांच्या आणि कमरेच्या हाडांवर भार येत नाही, म्हणून हवेत काम करणाऱ्या बाईला जमिनीवरचा, वजन पेलण्याचा व्यायाम इतरांपेक्षा अधिक मनावर घ्यावा लागतो.

पण ही यादी नीट वाचली तर तिच्यातून 'थांबा' असे सरसकट उत्तर निघत नाही. झटक्याने चढण्याऐवजी पायरीवरून दांडीवर बसावे, उलट्या स्थिती कमी कराव्यात किंवा काढून टाकाव्यात, गिरक्यांच्या मध्ये विसावा ठेवावा, धरून ठेवण्याच्या आणि सावकाश उतरण्याच्या हालचालींवर रचना उभी करावी, असे पुष्कळ तपशील तिच्यातून मिळतात. एका पन्नाशीच्या नर्तकीला उलटे लटकणे चालेल आणि दुसऱ्या पस्तिशीच्या नर्तकीला ते वर्ज्य असेल. जन्मतारखेवरून हे ठरत नाही, तपासणीवरून ठरते. आणि तपासणीला पैसे लागतात.

अपघातांचा मुद्दाही असाच तपासून पाहिला पाहिजे. लिलियन लीट्झेल या आपल्या काळातल्या सर्वांत प्रसिद्ध हवाई कलावंत; १९३१च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये त्यांच्या कड्याची धातूची फिरती जोडणी तुटली आणि त्या पडून दगावल्या. त्यांनी चाळिशी गाठलेली नव्हती. लास व्हेगासमध्ये २०१३ साली सर्क द्यु सोले या सर्कस कंपनीच्या 'का' या प्रयोगात दोर तुटून पडल्याने मृत्यू झालेली कलावंत ३१ वर्षांची होती. दोन्ही वेळा दगा दिला तो सामग्रीने, वयाने नव्हे. अर्थात या उदाहरणांवरून म्हातारी माणसे हवेत अधिक सुरक्षित असतात असा निष्कर्ष काढणे हा भाबडेपणा ठरेल, कारण वर मुळात म्हातारी माणसे फारशी नव्हतीच. तीच पडझड सत्तरीत झाली तर खुब्याचे हाड मोडते आणि त्यातून उठणे अवघड असते, हेही मान्य केले पाहिजे. तरीही एवढे म्हणता येईल, की कडी, दोर, कॅराबिनर (दोर अडकवायचा उघडझाप होणारा धातूचा आकडा) यांची तारीखवार तपासणी, त्यांची नोंदवही आणि रिगिंग, म्हणजे ही सामग्री वर बांधण्याचे काम, करणाऱ्या जाणत्या माणसाचा पगार हा खर्च सर्व वयांसाठी तितकाच अत्यावश्यक आहे, आणि लहान संस्था पहिल्यांदा कात्री लावतात ती बहुधा अशाच न दिसणाऱ्या खर्चाला.

पैशाच्या गोष्टीकडे येऊ, कारण गाडे तेथेच अडते. हवाई नर्तक बहुतांशी सुटे काम करतात. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केलेला आणि जानेवारी २०२० पासून लागू झालेला एबी-५ हा कायदा अशा सुट्या कामगारांपैकी अनेकांना नोकरदार मानायला लावतो. नोकरदार ठरले की कामावर झालेल्या दुखापतीचा विमा मालकाला उतरवावा लागतो, म्हणजे हवेत काम करणाऱ्या नर्तकीला याहून हवेसे ते काय? पण राज्यातल्या छोट्या नृत्यसंस्थांनी कायद्याविरुद्ध ओरड केली, कारण हा बोजा त्यांना पेलणारा नव्हता, आणि पुढे काही व्यवसायांना सूटही द्यावी लागली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. विमा हवाच, तो दहा माणसांच्या संस्थेच्या तिकीटविक्रीतून निघावा ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे. अमेरिकेत सरकारी आरोग्यविमा साधारणपणे ६५व्या वर्षी सुरू होतो. त्याआधीची पंधरा वर्षे, म्हणजे खांदा कुरकुरू लागण्याची नेमकी वर्षे, सुट्या कलावंताने स्वतःच्या हिमतीवर काढायची असतात.

फ्रान्समध्ये व्यवस्था अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तेथील रंगमंच आणि सर्कस कलावंताने वर्षाच्या अवधीत ५०७ तासांचे काम दाखवले तर दोन कामांमधल्या रिकाम्या काळात त्याला भत्ता मिळतो, आणि पन्नाशीनंतर त्या तासांत शिकवण्याचे अधिक तास धरण्याची सवलत आहे. ही सवलत छोटी असली तरी तिच्यामागची समज मोठी आहे: कलावंताचे काम वयानुसार रूप बदलते, संपत नाही. याउलट ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका येथे १९७० आणि १९८०च्या दशकांत नर्तकांसाठी जे निधी उभे राहिले ते मुख्यतः दुसरा पेशा शिकण्यासाठी मदत करतात. त्यांनी पुष्कळांचे भले केले आहे, पण ही मदत जाणाऱ्याला आहे, राहू इच्छिणाऱ्याला नाही. राहू इच्छिणाऱ्यांसाठी म्हणून जो सर्वांत नामांकित प्रयोग झाला, तो म्हणजे नेदरलँड्स डान्स थिएटरचा चाळिशीपुढील नर्तकांचा तिसरा संच. नृत्यरचनाकार यिरी किलियान यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झालेला हा संच २००६ मध्ये बंद पडला, तोही पैशाअभावी. ते नर्तक जमिनीवर नाचत होते, त्यांना दोर आणि कडीचा खर्चही नव्हता.

आपल्याकडे हवाई नृत्याचा स्वतंत्र संसार अजून लहान आहे, पण वृद्ध कलावंताला रंगमंचावर स्थान कसे द्यावे, हे आपल्याला परके नाही. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळे सांगायला नको. बसल्या जागी, हाताच्या आणि डोळ्यांच्या अदेवर एकेक ओळ उलगडत नेणाऱ्या त्या बाईंचे वय मोजत कोणी बसले नाही; बैठक हा लावणीचा कमी दर्जाचा प्रकार आहे असेही कोणी मानले नाही. उलट जाणकार त्यासाठीच जात. मात्र हीच समज आपण दोरावर आणि झुल्यावर काम करणाऱ्यांना कधी लावली नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली तेव्हापासून या देशातल्या झुल्यावर असंख्य मुलींनी आयुष्य काढले, आणि अंग जड झाले की त्या तंबूच्या मागच्या बाजूला गेल्या. केरळ सरकार निवृत्त सर्कस कलावंतांना निवृत्तिवेतन देते, हे त्या राज्याला भूषणावह आहे. पण तीही काम संपल्यानंतरची सोय. दोराच्या मल्लखांबाकडे पाहा. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून, कुठेही गाठ नसलेल्या त्या दोरावर मुली एकामागून एक आसने लावत जातात. धरून ठेवण्याची ताकद ज्या कलेत मुख्य, ती कला खरे तर उशिरापर्यंत टिकायला हवी. आपण मात्र तिला स्पर्धेच्या चौकटीत बसवले आहे. शिवाजी पार्कवर २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली ही अभिमानाची गोष्टच आहे. फक्त स्पर्धेत गुण असतात, वयोगट असतात आणि पदकांचे वय उलटून गेल्यावर चांगली खेळाडू प्रशिक्षक होते किंवा घरी बसते. तिने चाळिशीत दोरावर काय केले असते ते पाहण्याची सोय ठेवलेलीच नाही.

याला एक आक्षेप गंभीर आहे. पैसा मुळातच थोडा असताना तो साठीच्या कलावंतावर खर्च केला तर विशीतल्या मुलीला पहिली संधी मिळणार कशी? काही संस्थांमध्ये ज्येष्ठांनी जागा अडवून ठेवली आहे, ही कुजबुज खोटी म्हणता येणार नाही. पण जागा अडवली जाते ती संस्थापकांच्या खुर्चीमुळे, पगारी नर्तकीमुळे नव्हे. ती तर आधीच बाहेर पडलेली असते. विशीतली मुलगी पाहते की येथे पस्तिशीपलीकडे कोणी नाही, तेव्हा तीही पस्तिशीचाच हिशेब धरून अंग वापरते. दुखणे लपवते, विश्रांती टाळते, मिळेल तो प्रयोग घेते. तिच्या समोर पंचावन्न वर्षांची एखादी सहकारी रोज सकाळी तास-दीड तास खांद्याचे व्यायाम करून मगच दोराला हात लावताना दिसली, तर शरीर कसे राखायचे याचे शिक्षण तिला फुकट मिळते.

म्हणून अनुदान देणाऱ्यांनी नव्या प्रयोगाच्या भव्यतेकडे जितके लक्ष द्यावे तितकेच संचातल्या माणसांच्या सरावाच्या तासांकडे द्यावे, आणि हे तास पगारी असावेत. अपघातविम्याचा हप्ता छोट्या संस्थांनी एकत्र येऊन भरावा आणि त्यात सरकारी वाटा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पण सर्वांत कमी खर्चाचे: जुनी रचना पुन्हा उभी करताना ती प्रथम ज्यांनी केली त्यांना आधी विचारावे, हालचाली आपल्या आजच्या अंगाला बेतून घेण्याची मुभा त्यांना करारातच असावी, आणि त्यांनी ती केली तर मूळ मानधनात कपात होऊ नये. हालचाल बदलली की रचना बदलते, असे दिग्दर्शक म्हणतील. काही वेळा ते खरेही असेल, पण त्याची शहानिशा त्या त्या रचनेपुरती करावी. १९७० मध्ये एका पुरुषाने उतरलेली भिंत चाळीस वर्षांनी साठीच्या बाईंनी उतरली, तेव्हा व्हिटनी संग्रहालयाने ती ट्रिशा ब्राउन यांचीच रचना म्हणून दाखवली होती.